साताऱ्याचे प्रतिसरकार आणि लोकमताची साक्ष

१८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार ह्यांनी बंगळूर शहराच्या पूर्वेस सुमारे ३९०० एकर जमीन युरेशियन व अँग्लो-इंडियन मंडळींच्या वसाहतीसाठी दिली, आणि त्या मंडळींचे पुढारी डी. एस. व्हाइट ह्यांच्या नावावरून त्या वसाहतीस व्हाइटफील्ड हे नाव पडले. सरकारी नोकरीच्या आशेवर जगणाऱ्या आपल्या समाजाने नांगर धरावा, शेतीवर पोट भरावे आणि कोणाच्या कृपेची वाट पाहू नये, असा व्हाइटसाहेबांचा हेतू होता. तो फारसा तडीस गेला नाही, हा भाग निराळा. आज त्या जमिनीच्या आसमंतात संगणक-व्यवसायाच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत नोकरी करणाऱ्या हजारो मराठी माणसांपैकी पुष्कळ जण कऱ्हाड, इस्लामपूर, तासगाव, विटा अशा कृष्णाकाठच्या किंवा त्यालगतच्या गावांतून आलेले आहेत. इमारतीच्या गणपतीच्या निमित्ताने म्हणा, रविवारच्या निवांत वेळी म्हणा, ही मंडळी एकत्र बसली आणि बोलणे गावाकडच्या जुन्या गोष्टींकडे वळले, की पत्री सरकारचा, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीनंतर साताऱ्यात चाललेल्या प्रतिसरकारचा, विषय हटकून निघतो, आणि एकदा निघाला म्हणजे लौकर मिटत नाही.

कारण त्या बैठकीत ज्याच्या आजीने भूमिगतांना रानात भाकरी पोचवल्या तोही असतो, आणि ज्याच्या पणजोबांनी त्याच भूमिगतांच्या हातचा मार खाल्ला तोही असतो. गावी ही दोन्ही घराणी एकाच आळीत नांदत असल्यामुळे दुसऱ्या पक्षाची हकीकत चारचौघांत सांगितली जात नाही. तेथे चौकात हुतात्म्यांचा स्तंभ उभा आहे, शाळेला, वाचनालयाला आणि साखर कारखान्याला क्रांतिकारकांची नावे आहेत, आणि त्या नावांच्या सावलीत उभे राहून 'आमच्या घरावर मात्र अन्याय झाला' असे म्हणण्याची छाती सहसा कोणास होत नाही. परमुलखात ही भीड उरत नाही. म्हणूनच ज्यास सातारच्या प्रतिसरकाराविषयी लोकांचे खरे मत काय होते ह्याचा शोध घ्यावयाचा आहे, त्याने कुंडल-वाळव्यास तर जावेच, परंतु कधीमधी अशा दूरच्या मराठी घरांतही कान द्यावा, असे मला वाटते.

लोकमत हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो ती सहजता ह्या विषयात उपयोगाची नाही. ज्या राजवटीस निवडणूक नव्हती, वर्तमानपत्र नव्हते, जिच्या बाजूने उघडपणे बोलणारा इंग्रजी तुरुंगात जात होता आणि जिच्या विरुद्ध उघडपणे बोलणाऱ्याच्या तळपायांची धडगत नव्हती, तिच्याविषयी जनतेचे मत कशावरून ओळखावे? इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल तिला गुंडांची टोळी म्हणतात. भूमिगतांच्या आठवणी तिला रामराज्य म्हणतात. दोन्ही लिहिणारे आपापल्या पक्षाचे मुखत्यार आहेत. उरतो तो पुरावा एकच, आणि तो म्हणजे गावोगावच्या लोकांनी तीन वर्षे धरलेले मौन. पोलिसांच्या तुकड्या फिरत होत्या, पुढाऱ्यांच्या डोक्यांवर बक्षिसे लागलेली होती, तरीही ह्या सरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. ज्या उंचापुऱ्या, भरघोस मिशांच्या माणसास अख्खा जिल्हा ओळखत होता, तो शेकडो गावांत वावरला, जेवला, निजला, आणि त्याची खबर कचेरीपर्यंत पोचली नाही. हे मौन म्हणजेच त्या काळचे मतदान होय, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मौन प्रेमापोटी असते तसेच भयापोटीही असते, आणि एकाच गावात, नव्हे एकाच घरात, दोहोंची सरमिसळ असू शकते; हा तिढा डोळ्यांआड करून लिहिलेला ह्या राजवटीचा कोणताही इतिहास मला अपुरा वाटतो.

त्या राजवटीचा जन्म मोर्चांतून झाला. १९४२ च्या ऑगस्टात 'चले जाव'चा ठराव झाल्यावर जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यात आणि सांगलीच्या मोठ्या भागात, तालुक्याच्या कचेऱ्यांवर निःशस्त्र लोकांचे मोर्चे निघाले. २४ ऑगस्टला कऱ्हाड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज, १० सप्टेंबरला इस्लामपूर असा त्यांचा क्रम होता. तासगावी कचेरीवर तिरंगा चढला आणि मामलेदारांनी गांधी टोपी घातली. वडूजला मात्र गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे ह्यांच्यासह नऊ माणसे पडली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात आणखी दोघे गेले. तासगावचा विजय आणि वडूजची प्रेते ह्यांमध्ये सहा दिवसांचे अंतर होते, आणि त्या सहा दिवसांत जिल्ह्याने जे शिकावयाचे ते शिकून घेतले. मोर्चांचा मार्ग बंद झाला तेव्हा कार्यकर्ते भूमिगत झाले; भूमिगतांनी आधी तारा तोडल्या, चावड्या जाळल्या, १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली; आणि त्याच वर्षी, केवळ मोडतोडीने लोक फार काळ आपल्या मागे राहणार नाहीत हे ओळखून, गावोगाव स्वतःचा कारभार उभा केला.

नाना पाटील, किसन वीर, पांडू मास्तर, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी ही त्यांतील ठळक नावे. अच्युत पटवर्धनांसारख्या समाजवादी पुढाऱ्याचे मार्गदर्शनही त्यांस होते. परंतु ह्या माणसांच्या शौर्यकथा सांगण्याचे काम शाहिरांनी पुरेपूर केलेले असल्यामुळे मी त्यांत शिरत नाही. माझ्या दृष्टीने नानांच्या चरित्रातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट अशी, की १९३० साली नोकरी सोडून चळवळीत पडण्यापूर्वी हा मनुष्य तलाठी होता. सात-बाराचा उतारा, गहाणखत, पिकांची आणेवारी, फेरफाराची नोंद ह्यांत रयत कोठे अडते आणि तिला नाडणारा कोठे उभा असतो, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यात सत्यशोधक चळवळीने ह्या जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सावकार आणि भटभिक्षुक ह्यांच्या विरुद्ध जी जागृती केली होती तिची भर पडली. नानांच्या सभेतले बोलणे गावरान असे, परंतु त्याच्या मागचा हिशेब दप्तरातला होता.

म्हणून ह्या सरकारच्या धोरणांपैकी लोकांनी मनात जपून ठेवले ते न्यायदान. बांध रेटला, गहाण जमीन पैसे फेडूनही सुटेना, भावाने वाटणी दिली नाही, नवऱ्याने बायकोस माहेरी पाठवून दुसरी केली, अशी गाऱ्हाणी गावातल्याच पंचांपुढे, रात्रीच्या वेळी, देवळात किंवा एखाद्या मळ्यात चालत. स्टँप लागत नसे, वकील लागत नसे, तारखांवर तारखा पडत नसत, आणि निकाल लागल्यावर त्याची बजावणी होत असे. दिवाणी कोर्टात जिच्या तक्रारीस तोंडच नव्हते, त्या टाकलेल्या बाईस नवऱ्याने नांदवावे किंवा पोटगी द्यावी असा हुकूम जेव्हा मिळाला आणि तो पाळलाही गेला, तेव्हा तिच्या माहेरच्या साऱ्या भावकीचे मत ह्या सरकारच्या बाजूने झाले असल्यास नवल ते काय? महायुद्धाचे दिवस होते. धान्याची सक्तीची वसुली चालू होती, कापड आणि रॉकेल काळ्या बाजारात गेले होते. अशा वेळी व्यापाऱ्यास ठरल्या भावाने माल विकावयास लावणे हीसुद्धा एक राज्यसत्ता होती. दारूच्या भट्ट्या मोडल्या गेल्या, वाचनालये निघाली, आणि हुंडा-मानपानाला फाटा देऊन थोड्या खर्चात होणारे 'गांधी विवाह' लागू लागले. कर्जाच्या ओझ्याचा मोठा भाग लग्नांतूनच येतो हे जाणणाऱ्या बापाने ह्या विवाहांचे स्वागत मनापासून केले. ज्यांचा मानपान बुडाला त्यांनी नाइलाजाने केले.

आता दुसरी बाजू. शिक्षा होती ती तळपायांवर काठ्यांची. बैलास पत्री ठोकतात तशी खबऱ्याच्या पायांस ठोकतात, ही वदंता जिल्हाभर पसरली आणि प्रतिसरकारचे पत्री सरकार झाले. सरकारातील मंडळींनी पुढे सांगितलेल्या आठवणींतून फटक्यांचाच उल्लेख अधिक येतो, परंतु वदंता खोडून काढण्याची घाई त्यांनी त्या वेळी केली नाही हेही लक्षात घेतले पाहिजे, कारण जी राजवट तुरुंग बांधू शकत नाही तिला भयाचीच भिंत बांधावी लागते. मार खाणाऱ्यांत पोलिसांचे खबरे होते, तसे सावकार होते, गुंड होते. आणि फितुरीचा आरोप एखाद्या जुन्या भाऊबंदकीतून आला असेल, तर रात्रीतल्या रात्रीत तो तपासून पाहण्याचे साधन पंचांपाशी कोणते होते? जलद न्यायाची जी स्तुती होते तीत ही जोखीमही सामावलेली आहे. अपील कोणाकडे करावयाचे, हा प्रश्न फिर्यादीस पडला नसेल. आरोपीस मात्र पडला असणारच.

दरोडेखोरांच्या बाबतीत लोकमत बरेचसे एकजुटीचे होते. चळवळीच्या गोंधळाचा फायदा घेऊन क्रांतिकारकांच्या नावावर घरे फोडणाऱ्या टोळ्या वाढल्या होत्या, आणि त्यांचा बंदोबस्त ज्याने केला तोच रयतेच्या दृष्टीने सरकार ठरला. इंग्रजी फौजदार हे करू शकला नव्हता. मात्र ह्या बंदोबस्ताचा वरवंटा गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आधीच भरडल्या गेलेल्या रामोश्यांसारख्या जमातींवर कसा फिरला, हे त्या जमातींच्या वाड्यांत जाऊन विचारले पाहिजे. पंचांच्या आठवणींत त्याचे उत्तर मिळत नाही. दलित वस्त्यांचे मतही वेगळे होते. डॉ. आंबेडकर १९४२ च्या जुलैपासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, त्यांचे अनुयायी बेचाळीसच्या चळवळीपासून दूर राहिले होते. आणि ह्या सरकारने अस्पृश्यता-निवारणाचा पुकारा केला तरी त्याचे पंच आणि त्याचे स्वयंसेवक दल असलेली तुफान सेना ही मुख्यतः मराठा-कुणबी शेतकरी घरांतून आलेली होती. ज्या गावात पंचायत आणि पाटिलकी एकाच भावकीच्या हातांत, तेथे महारवाड्यास परकी कचेरी आणि आपली पंचायत ह्यांत फार अंतर भासले नसेल, तर त्यास कृतघ्न म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

येथे बंगळूरचा एक धागा ह्या कथेत येऊन मिळतो, आणि तो पुरेसा ठाऊक नाही म्हणून त्यावर थोडे थांबतो. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडात जन्मलेले ज्यू इंजिनियर १९३० नंतरच्या दशकात म्हैसूर संस्थानच्या विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्याचे काम पाहण्यासाठी बंगळुरास आले. यंत्रे चालविता चालविता ते भगवी वस्त्रे घालू लागले, गांधीजींच्या विचाराचे झाले, आणि बंगळुरातच औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत ह्यांच्याशी त्यांची गाठ पडली. पुढे औंधास गेल्यावर राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांच्या मनात त्यांनी असे काही भरविले, की त्या राजाने आपल्या बहात्तर गावांची सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती अमलात आली. तिचा पाया ग्रामपंचायत हा होता आणि न्यायदानाचे पुष्कळसे काम गावच्या पंचांकडे दिलेले होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहतही ह्याच प्रयोगाचे अपत्य. आता गंमत पाहा, की प्रतिसरकारचा गड मानले जाणारे कुंडल हे औंध संस्थानातले गाव, किर्लोस्करवाडीही त्याच संस्थानातली. इंग्रजी मुलखातले पोलीस तेथे मुक्तपणे शिरू शकत नव्हते, त्यामुळे भूमिगतांस आसरा मिळाला, एवढी गोष्ट सर्व इतिहासकार सांगतात. माझा तर्क त्यापुढचा आहे. १९४३ साली जेव्हा भूमिगतांनी पंचांपुढे फिर्याद आणण्याचे आवाहन केले, तेव्हा निदान औंधच्या हद्दीतल्या गावकऱ्यांस ते नवलाचे वाटले नसावे. चार वर्षे ते कायदेशीरपणे तेच करीत होते. सोळा आण्यांची क्रांती म्हणून जिचे कौतुक होते, तिच्यातले काही आणे एका वृद्ध राजाने आणि बंगळुरातून आलेल्या एका इंजिनियराने आधीच मोजून ठेवलेले होते. 

म्हैसूर संस्थानातही ह्याच काळात एका गावाने स्वराज्य पुकारले होते. शिमोगा जिल्ह्यातील शिकारीपूर तालुक्याच्या ईसूर गावाने १९४२ च्या सप्टेंबरात आपण स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले, संस्थानी अंमल झुगारला, आणि पोरसवदा मुलांस अमलदार व फौजदार नेमले. २८ सप्टेंबरला खरे अमलदार आणि फौजदार शिबंदीसह गावात आले तेव्हा झालेल्या दंगलीत ते दोघे मारले गेले. पाठोपाठ लष्कर आले, गाव उद्ध्वस्त झाले, आणि १९४३ च्या मार्चमध्ये पाच जण फासावर चढले. ईसूरचे राज्य काही दिवसांचे, साताऱ्याचे सुमारे तीन वर्षांचे. ह्या फरकास धैर्य कारण नव्हे, ते दोन्हीकडे सारखेच होते. सह्याद्रीच्या दऱ्या आणि संस्थानांच्या वेड्यावाकड्या हद्दी साताऱ्याच्या पथ्यावर पडल्या हे खरे, तथापि त्याहून महत्त्वाचे असे, की ईसूरला लोकांस काही देण्याइतका अवधीच मिळाला नाही. त्यामुळे ईसूरविषयी आज केवळ आदर आढळतो. त्या राज्याच्या धोरणांवर टीका नाही, कारण धोरणे आखण्यापूर्वीच ते मोडले. ज्या क्रांतीला कारभार करावा लागतो तिलाच शत्रू आणि समीक्षक मिळतात.

काँग्रेसमधल्या वडीलधाऱ्यांचे मतही सुरळीत नव्हते. १९४४ च्या मे महिन्यात सुटका झाल्यावर गांधीजींनी गुप्ततेचा निषेध केला आणि भूमिगतांनी उघड होऊन स्वाधीन व्हावे असा सल्ला दिला. बंगालात तामलुकचे जातीय, म्हणजे राष्ट्रीय, सरकार, जे १७ डिसेंबर १९४२ ला स्थापन झाले होते, ते हा सल्ला मानून विसर्जित झाले. साताऱ्याने मानला नाही. गांधी टोपी घालणाऱ्या, गांधी विवाह लावणाऱ्या आणि गांधींच्या नावाने जयजयकार करणाऱ्या लोकांनी गांधींचा शब्द इतक्या शांतपणे बाजूस ठेवावा, ह्यात दांभिकपणा पाहणारे पाहोत. मला त्यात शेतकऱ्याचा व्यवहार दिसतो. शरण गेल्यावर ज्या गावांनी आसरा दिला त्यांचे काय होणार, ह्याचे उत्तर त्या सल्ल्यात नव्हते. १९४६ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे रद्द झाली, नाना प्रकट झाले आणि गावोगाव त्यांच्या मिरवणुका निघाल्या. त्या मिरवणुकांत खबरेही गुलाल उधळत होते असे जाणते लोक मिस्किलपणे सांगतात.

१९४८ च्या फेब्रुवारीत, गांधीवधानंतर, ह्याच जिल्ह्यात ब्राह्मणांची घरे जळाली. त्या जाळपोळीचे खापर प्रतिसरकारावर फोडणारे आहेत, आणि तिचा ह्या इतिहासाशी काडीचाही संबंध नाही म्हणणारेही आहेत. प्रतिसरकार तोपर्यंत विसर्जित होऊन दोन वर्षे होत आली होती आणि त्याच्या पुढाऱ्यांवर सरसकट आरोप करणे अन्यायाचे होईल. परंतु रात्री जमावाने एखाद्याच्या दारी जाण्याची आणि कायदा हातांत घेण्याची भीड जिल्ह्यात एकदा चेपली होती, इतके तरी मान्य केले पाहिजे. व्हाइटफील्डमधल्या घरांत ज्या आजी अजून त्या दिवसांविषयी बोलतात, त्यांच्या बोलण्यात १९४३ आणि १९४८ ह्यांची सरमिसळ होते, आणि कागदपत्रे दाखवून त्यांस दुरुस्त करण्यात मला हशील वाटत नाही. ज्यांचे माजघर जळले त्यांनी सनावळ्या नीट ठेवाव्यात ही अपेक्षा फार झाली.

मतपेटी आली तेव्हा मौनाचा अर्थ उलगडेल असे कोणास वाटले असेल, तर त्याची निराशाच झाली. प्रतिसरकारचे लोक एका पक्षात राहिलेच नाहीत. काही काँग्रेसमध्ये राहिले, काही शेतकरी कामगार पक्षात गेले. नाना पुढे कम्युनिस्ट झाले. १९५७ साली साताऱ्याने त्यांस लोकसभेत पाठविले, परंतु ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते, आणि त्या लाटेत पडलेली मते पत्री सरकारच्या पदरात टाकणे योग्य नव्हे. १९६२ साली त्याच साताऱ्याने काँग्रेसच्या किसन वीरांस निवडले. म्हणजे एकाच मतदारसंघाने लागोपाठ दोनदा प्रतिसरकारचाच माणूस दिल्लीस धाडला, आणि दोन्ही वेळा एकमेकांच्या विरुद्ध पक्षांतून. पक्षांविषयी लोकांचे मत फिरले, त्या माणसांच्या पूर्वपुण्याईविषयी फिरले नाही, एवढे अनुमान मला त्यातून सुरक्षित वाटते. पुढच्या काळात भुईंज, वाळवा, कुंडल येथे ह्याच मंडळींच्या नावांनी साखर कारखाने उभे राहिले, आणि ज्या पंचांपुढे गहाणाची फिर्याद चाले त्यांच्या वारसांपुढे ऊसदराची चालू लागली.

१९६७ साली नाना पुन्हा लोकसभेत गेले, पण बीडहून. बेचाळीसच्या दिवसांत बीड निजामाच्या राज्यात होते. तेथे ना तुफान सेना पोचली होती, ना एकाही बाईचा तंटा ह्या पंचांनी सोडविला होता, ना एकाही खबऱ्याने मार खाल्ला होता. ज्यांनी ते सरकार स्वतः अनुभवले त्या साताऱ्याने त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांस निवडले, आणि ज्यांनी त्याच्या केवळ गोष्टी ऐकल्या होत्या त्या बीडने क्रांतिसिंहांस.